‘चार माग’ची नक्कल

“हे कुठं थांबतच नाही का?” मी विचारलं, आणि आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की चहाची बशी माझ्या हातून सुटायचीच.

गिऱ्हाइकाला प्रश्न विचारायचे नाहीत हा आमच्या घरचा नियम. समोर बसलेले गृहस्थ गिऱ्हाईकच होते. पन्नाशीला टेकलेले, ताठ, हाफशर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक छोटं भिंग अडकवलेलं. त्यांनी मांजरपाटात बांधून आणलेलं ‘चार माग’ नावाचं बाड टेबलावर उघडं होतं, आणि चहा ठेवायच्या निमित्तानं मी उभ्याउभ्या त्याची अकरा पानं वाचून काढली होती. दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो. अकरा पानांत चौघांपैकी एकालाही श्वास टाकायला फुरसत नव्हती.

“हिला वाचता येतं?” त्यांनी आबांना विचारलं.

“पोरगी हाय. बघती आपली उगंच,” आबा म्हणाले.

“येतं,” मी म्हणाले.

गृहस्थांना राग आला नाही. उलट ते खुर्चीत माझ्या बाजूला वळले. “माग दोनच वेळा थांबतो,” ते म्हणाले. “धागा तुटला तर, नाहीतर विणणारा गेला तर. एरवी तो चालूच. आमच्या इचलकरंजीत जा, गल्लीत पाऊल टाकलं की ऐकू येतं ते पहाटेपासून तेच. म्हणून यात थांबणं नाही. समजलं?”

“हो,” मी म्हणाले. समजलं काहीच नव्हतं. पण त्यांच्या असल्या उत्तरानं माणूस गप्प बसत नाही, त्याला आणखी विचारावंसं वाटतं. आबांनी खाकरून मला आत पिटाळलं.

ते शिवदास होगाडे. ही गोष्ट एकोणीसशे त्र्याऐंशीची. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि आम्ही बापलेक लालबागच्या एका चाळीत राहत होतो. आबा कोल्हापूरच्या दरबारी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. संस्थानं गेली, बँड गेला, पण तिथं शिकलेली पाश्चात्त्य लिपी हातात राहिली. त्या जोरावर ते मुंबईला आले आणि सिनेमाच्या स्टुडिओंत नकला उतरवू लागले. संगीतकार सगळ्या वाद्यांचं एकत्र लिहितो, त्याला स्कोअर म्हणतात. त्यातून प्रत्येक वादकासाठी त्याच्यापुरतं वेगळं लिहून काढायचं, तो पार्ट. हे काम डोक्याचं नाही, पण नजर आणि हात खणखणीत लागतो. “साळोखेमास्तरांकडून टिंब हलत नाही,” असं सगळी वादकमंडळी म्हणत.

आता हलत होतं. दोन वर्षं झाली, आबांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. त्यांच्या नावानं मीच लिहीत होते, आणि हे बाहेर कुणालाही ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर ‘साळोखे संपला’ हे वाक्य सकाळी ताडदेवला निघून दुपारपर्यंत अंधेरीला पोचलं असतं.

होगाडे गेल्यावर मी आबांना खोदून खोदून विचारलं, हा माणूस आहे तरी कोण. आबांना माहीत होतं तेवढं त्यांनी सांगितलं. कोष्ट्याच्या घरचा मुलगा. नोकरी कापड तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत. भिंग लावून इंचाला धागे किती ते मोजायचं, हाच दिवसभराचा उद्योग. धोबीतलावच्या एका गोव्याच्या मास्तरांकडे व्हायोलिन शिकला, शिष्यवृत्ती मिळवून दोन वर्षं व्हिएन्नाला राहिला आणि परत येऊन पुन्हा धागे मोजायला बसला. संध्याकाळी लिहायचं. असं एकोणीस वर्षं. वाजवलं कुणीच नाही.

“का?”

“शिनेमावाले म्हणले, ह्यात गाणं कुठाय? गवयी म्हणले, ह्यात राग कंचा? आन् ते फोर्टातले सुटाबुटातले म्हणले, तुमी हिंदुस्थानी मानूस, मग ह्यात हिंदुस्थान कुठाय?” आबा हसले. “तिन्ही घरचा पाव्हणा उपाशी. आता एका संस्थेनं हो म्हटलंय. पुढच्या आयतवारी, पाच वाजता. चार वादक स्टुडिओतलेच हायेत, त्याच्यावरच्या मायेपोटी वाजवत्यात. ह्ये चाललं तर चाललं, न्हाईतर गडी उरलेलं आयुष्य धागंच मोजंल. तवा नीट लिव्ह.”

मी लिहायला बसले आणि पहिल्या दिवशी वैतागले. हा माणूस तेच तेच लिहितोय की काय! पहिल्या व्हायोलिनची सात स्वरांची एक छोटी आकृती, ती फिरून फिरून येते. दुसऱ्याची आठाची, व्हायोलाची नवाची, चेलो खालून पाच पाच पावलं टाकत चाललेला. पण लिहिता लिहिता माझ्या ध्यानात आलं की दर फेरीला कुठला तरी एकच स्वर एका घरानं सरकलेला असतो. सहज ऐकलं तर कळणारही नाही. वीस फेऱ्या झाल्या की मात्र रंगच बदललेला दिसतो, आणि बदलला कधी हे सांगता येत नाही. कधीतरी सात, आठ आणि नऊ एका ठिकाणी येऊन भिडत, तेव्हा बोटांना आधीच कळायचं की आता काहीतरी होणार. मी लेखणी टाकून पुढचं पान वाचायला धावायचे. इतकी उत्सुकता मला कुठल्या कादंबरीची वाटली नव्हती.

आता माझी चूक सांगते. ती फक्त स्टुडिओतल्या नकलनविसाच्या पोरीलाच करता येण्यासारखी होती.

स्टुडिओत सगळ्यांचे पार्ट एकाच मापानं लिहायची पद्धत होती. बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधला तालाचा एक खण; एकाच्या ओळीत जितके बार, तितकेच सगळ्यांच्या ओळीत. का, तर संगीतकारानं “तिसऱ्या ओळीपासून घ्या” म्हटलं की चाळीस माणसं न शोधता एका जागेवर आली पाहिजेत. तिथं वेळेला किंमत. आणि सिनेमाचा तुकडा दोन-तीन मिनिटांचा, एका-दोन पानांत संपणारा. सुटी पानं स्टँडवर शेजारी शेजारी मांडली की झालं. होगाड्यांचं मात्र बावीस मिनिटांचं होतं. पार्ट सहा सहा पानांचे झाले. स्टँडवर मावतात तीन. म्हणजे तिसरं पान संपलं की पुढची तीन वर घ्यायला हवीत, आणि वाजवणाऱ्याचे दोन्ही हात वाद्यात गुंतलेले. चांगला नकलनवीस काय करतो, तर प्रत्येकाचं पान वेगळ्या ठिकाणी संपवतो, जिथं त्या वादकाला थोडी उसंत असेल, किंवा निदान मोकळी तार वाजत असेल, म्हणजे डावा हात रिकामा. मी मात्र शहाण्यासारखे चारही पार्ट ओळीला ओळ लावून एकसारखे काढले होते. चौघांचं तिसरं पान एकाच बारला संपत होतं. दोनशे चौदाव्या. आणि त्या बारला चौघंही जीव तोडून वाजवत होते.

हे मला कळलं शुक्रवारी दुपारी, आबांनी चारही पार्ट बोट फिरवून तपासून “ब्येस” म्हटल्यानंतर. तालीम शनिवारी सकाळी दहाला. दोनच पार्ट नव्यानं काढायचे म्हटले तरी चार दिवस हवेत. मी कपाळाला हात लावून बसले.

“आबा,” मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “संगीतकाराच्या लिहिण्यात काही अडचण दिसली तर आपण काय करायचं?”

“पेन्सिलीनं कडंला प्रश्नचिन्ह. शाई लावायची न्हाई. आपुन हमाल, कुमे. पोतं उचलायचं, आतलं धान्य निवडत बसायचं न्हाई.”

पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह घातलं असतं तर तालमीत चौघांनी विचारलं असतं, हे काय? मग कळलं असतं की पार्ट चुकीचे बेतलेत, म्हणजे साळोखेमास्तर चुकले, आणि मास्तर का चुकले, याचा शोध सुरू झाला असता. मी शाईची दौत उघडली. पाश्चात्त्य लिपीत एक खूण असते, कमानीखाली टिंब. इथं थांबा, असं सांगणारी. बँडवाले तिला ‘डोळा’ म्हणत. दोनशे चौदाव्या बारच्या शेवटी मी चारही पार्टांत एकेक डोळा काढला. त्यावर वादकांना कळेल असा इटालियन शब्द लिहिला, ‘लुंगा’. म्हणजे लांब. होगाडे तालमीला येतील तेव्हा त्यांना बाजूला घेऊन सांगू, असं मनाशी ठरवलं आणि पार्ट बांधून ठेवले. ठरवणं फार सोपं असतं.

तालमीला होगाडे आलेच नाहीत. ते इचलकरंजीला गेले होते, आईला आणायला.

“बरं झालं, त्यानं हा डोळा दिला,” चेलोवाले कुतिन्योअंकल म्हणाले. “नायतर पानं काय दातांनी बदलायची?” बाकीचे हसले. त्या क्षणी तोंड उघडता आलं असतं. मी पाण्याचे ग्लास भरत राहिले. वाजवताना ते त्या जागी आले, जेमतेम थांबले, पानं सरकवली आणि पुढे गेले. काहीच वाटलं नाही. मला हायसं वाटलं.

रविवारी होगाडे थेट स्टेशनवरून सभागृहात आले. बरोबर काठी टेकत चालणारी एक बारीकशी म्हातारी, इरकली लुगडं नेसलेली. मी त्यांना गाठायला पुढे झाले, तर तेच म्हणाले, “बरं झालं आलीस. ही माझी आई. हिच्याजवळ बस. मला बसवणार नाही, मी मागं उभा राहतो.” आणि गेलेच. त्यांचा चेहरा पाहून मी त्यांच्या मागे गेले नाही. लग्नाच्या दिवशीही माणूस इतका घाबरत नाही.

त्यांच्या आईला सगळे आक्का म्हणत. आक्कांना ऐकू कमी येत होतं. “पन्नास वरसं मागावर बसलो बघ,” त्या माझ्या कानाशी येऊन ओरडल्या, “कान त्येनं खाल्लं.” एकोणीस वर्षांनी पहिल्यांदा वाजणार, आणि ज्यांच्यासाठी वाजणार त्यांना ऐकूच येणार नाही? पण वाजायला सुरुवात झाली आणि आक्कांनी तळहात पुढच्या खुर्चीच्या लाकडी पाठीवर टेकवला. डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांच्या पायाची टाच चेलोबरोबर खालीवर होऊ लागली. लाकडातून त्यांना सगळं पोचत होतं. सात आणि आठ जिथं भिडतात तिथं त्यांच्या ओठांवर हसू आलं, माझ्याही आधी.

सभागृहात शंभरेक माणसं असतील. पहिली पाच मिनिटं चुळबुळ झाली, मग थांबली. दहाव्या मिनिटाला मी मान वळवून पाहिलं तर कुणी खुर्चीला टेकून बसलेलंच नव्हतं. चाललं होतं. होगाड्यांचं चाललं होतं! मी इतकी खूश झाले की दोनशे चौदावा बार जवळ आलाय हे विसरूनच गेले.

चौघं एकदम थांबले.

चौघांनी पानं उचलली. त्यात कुतिन्योअंकलच्या हातून एक पान निसटलं, तरंगत स्टँडच्या पुढे जाऊन पडलं. तालमीतलं ‘जेमतेम’ गेलं कुठल्या कुठं. अंकल चेलो सांभाळत वाकले, हात पोचेना, पुन्हा वाकले. बाकीचे तिघं गज हवेत धरून बसलेले. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी खोकलं नाही. तेरा मिनिटं कानांत भरलेला तो गजर एकाएकी गेला होता आणि त्याच्या जागी पंख्याचा आवाज, बाहेरच्या रस्त्यावरची एक सायकलची घंटा, शंभर माणसांचा श्वास.

आक्कांनी खुर्चीवरचा हात उचलला. तळहाताकडे पाहिलं. बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यानं, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, “का थांबलं?”

कुणी हसलं नाही. अंकलना पान मिळालं, मान हलली, आणि ते पुन्हा सुरू झालं. तेच सात, तेच आठ. पण मला ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं वाटलं आणि अंगावर सरसरून काटा आला. शेजारच्या बाई रुमालानं डोळे टिपत होत्या. संपल्यावर लोक उभे राहिले.

पडद्यामागे गर्दी झाली. संस्थेचे पारशी चिटणीस होगाड्यांचा हात सोडीनात. त्यांच्याबरोबर एक जर्मन बाई होत्या, तिकडच्या कुठल्याशा संगीतमहोत्सवाचं सगळं बघणाऱ्या. चिटणीस मोडक्या मराठीत समजावत होते, “होगाडे, बाई बोलते, ते मधला थांबला ना, ते एकदम कमाल! बाईला ते उन्हाळ्यात तिथं पायजे. त्या थांबण्यासाठी पायजे. आणि विचारते, ते म्हातारी बाई बोलली, ते पण तुम्हीच लिहिला काय?”

“नाही,” होगाडे म्हणाले.

एवढंच. मग गर्दीतून त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. मी आक्कांना पाणी द्यायचं निमित्त करून सटकले.

सोमवारी संध्याकाळी ते घरी आले. चारही पार्ट टेबलावर ठेवले, तिसरी पानं वर काढली. आबांनी चष्मा लावला, पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

“मी तपासलं तवा ह्ये न्हवतं,” ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं, आणि एका क्षणात त्यांना सगळं समजलं. त्यांनी पानावर हात ठेवला. “हात माझा हाय, होगाडेसाहेब. चूक माझी. धा माणसांत सांगा, मी न्हाई म्हणनार न्हाई.”

पानावरचा तो हात थरथरत होता आणि खालचं पान त्याच्याबरोबर खुळखुळत होतं. मला ते बघवेना.

“आबा, पुरे,” मी म्हणाले. “सर, हात माझा आहे. दोन वर्षं माझाच आहे. पार्ट मी चुकीचे बेतले, पानं एकदम संपत होती, म्हणून डोळा टाकला. तुम्हाला सांगणार होते. सांगितलं नाही. आबांना माहीत नव्हतं.”

“हात तुझा आहे हे मला माहीत आहे,” होगाडे म्हणाले. “मास्तरांनी पूर्वी लिहिलेली पानं मी पाहिली आहेत. ही जास्त सुबक आहेत. माझं पोट धागे बघण्यावर आहे, बाई.”

आबांनी मान खाली घातली. होगाडे त्यांना म्हणाले, “मी कुणाला सांगणार नाही.” आणि मग मला म्हणाले, “आईनं काल घरी आल्या आल्या विचारलं, कुणाचा माग बंद पडला? मी म्हटलं, कुणाचाच नाही. ती म्हणाली, मग खोटं का वाजवलंस?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. “पण लोकांना तेच आवडलं, सर. त्या बाईंना तर…”

“त्यांना तेवढंच आवडलं. तीही एक गंमत आहे.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यापेक्षा वाईट असं काहीतरी होतं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “आता मला एक सांग. पान उलटायला किती वेळ लागतो?”

“तीन-चार सेकंद.”

“मग ‘लुंगा’ का लिहिलंस?”

मी पानावरच्या त्या शब्दाकडे पाहिलं.

“डोळा पुरेसा होता. लांब कशाला? अंकलचं पान पडलं हा अपघात. पण तू ‘लांब’ लिहिलंस ते पान पडायच्या आधी. तुला काय ऐकू येत होतं?”

असा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. काय ऐकू येतं! मी नुसतीच टेबलाच्या कडेवरची शाई नखानं खरवडत राहिले, आणि मग बोलायला लागले ते मलाच नवीन होतं.

“आमची भिंत गिरणीच्या बाजूची आहे,” मी म्हणाले. “लहानपणापासून टेबलावर पाण्याचा पेला ठेवला की पाणी हलायचं. सारखं. घरातला आवाज म्हणजे तोच, त्याला कुणी आवाज म्हणायचं नाही. गेल्या वर्षी जानेवारीत संप झाला. पहिल्या पाळीचा भोंगा झालाच नाही. बायका डबे भरून गॅलरीत उभ्या होत्या, डबे घेऊन जाणारं कुणी नाही. कुणी काही बोलेना. एका घरात स्टोव्ह फरफरत होता तेवढाच. मी आत येऊन पेल्याकडे बघितलं, तर पाणी हलत नव्हतं. ते लांब होतं, सर. फार लांब. दोनशे चौदापर्यंत मी ते सगळं लिहीत आले, आणि पान संपलं, आणि मला ते आठवलं. म्हणून ‘लांब’ लिहिलं.”

आबा माझ्याकडे असे पाहत होते की जणू घरात एक परकी मुलगी येऊन बसली आहे.

होगाड्यांनी चारही पानं माझ्यापुढे ओळीनं मांडली. मग म्हणाले, “मास्तर, ब्लेड आहे?”

शाई कागदावरून पुसता येत नाही, पात्यानं खरवडावी लागते. मला वाटलं ते स्वतः खरवडतील. त्यांनी पातं माझ्यापुढे ठेवलं. मी एकेक करून चारही डोळे खरवडले, कागदाला भोक पडू न देता, आणि होगाडे शेवटपर्यंत शेजारी उभे राहिले.

“त्या बाईंना असंच पाठवणार?”

“असंच. पार्ट नव्यानं बेत, पानं वेगवेगळ्या जागी संपव. आणि ते झालं की, ते जे आत्ता सांगितलंस, ते लिही.”

“माझ्या अक्षरात काय लिहू?”

“अक्षरात नाही. स्वरांत. माझ्या कामात ते बसत नाही, आई म्हणते ते खरं आहे. पण तुझं ते खोटं नव्हतं. त्याच्या आधी काय वाजतं, ते तुला माहीत आहे. पुढच्या शनिवारी येतो.”

“होगाडेसाहेब,” आबा घाईनं म्हणाले, “नकला उतरवनाऱ्याची पोर हाय ती.”

“आणि मी कोष्ट्याचा,” होगाडे म्हणाले आणि चपला घालून जिना उतरले.

महोत्सवाचं पत्र तीन महिन्यांनी आलं. स्कोअरमध्ये ती शांतता सापडली नाही, तरी खुलासा व्हावा. होगाड्यांनी खुलासा केला आणि निमंत्रण हातचं गेलं. निवृत्त होईपर्यंत ते धागे मोजत राहिले, आणि पुढची बावीस वर्षं लिहीत राहिले. चौदा कृती केल्या, पाच वाजल्या, एकीतही माग थांबला नाही. त्यांचा स्वभाव असा की त्या पत्राबद्दल त्यांनी मला एकदाही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. माझ्यामुळे त्यांची संधी आली आणि माझ्यामुळेच गेली, हे मी आजही विसरलेले नाही. जर्मनीला शेवटी मी गेले. सहा वेळा. तिकडचे लोक लेख लिहितात, कुमुद साळोखे यांच्या रचनांमधल्या प्रदीर्घ विरामांमागे भारतीय अध्यात्म कसं आहे वगैरे. मी वाचते आणि चहा टाकते.

त्या शनिवारी मात्र माझ्याकडे फक्त एकतीस बार होते. होगाडे ठरल्या वेळी आले. मी कागद पुढे केला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, कारण त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. ते वाचताना बोटानं टेबलावर ठेका धरत होते. ठेका चालला होता, चालला होता, मग थांबला. मी वळून पाहिलं. ते शेवटच्या बारवर होते. तिथं डोळा होता आणि त्यानंतर कोरा कागद.

“पुढे?” त्यांनी विचारलं.

“पुढे काही नाही.”

“थांबल्यानंतर काय सुरू होतं, ते विचारतोय.”

खिडकीसमोर गिरणीची भिंत होती, तिच्यावर शेवाळ धरलं होतं आणि फाटकाला संपापासून कुलूप होतं.

“सर,” मी म्हणाले, “सुरू कुठं झालंय?”

ते कागदाकडे पाहत राहिले. मला वाटलं आता म्हणतील, हे अर्धवट आहे, पूर्ण करून आण. त्यांनी खिशातलं पेन काढलं. डोळ्याच्या पुढे दोन उभ्या रेघा ओढल्या, एक बारीक, एक जाड. रचना संपली की ओढतात तशा. आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“वर तुझं नाव घाल,” ते म्हणाले.

मी आबांकडे पाहिलं. ते मघापासून भिंतीशी उभे होते, उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरून.

“घाल की,” आबा म्हणाले.